पृष्ठभागावरून नमुना उचलताना: मास स्पेक्ट्रोमीटरच्या आधीचं अर्धं काम

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणू तोलणारा काटा. पण या काट्याची एक अट असते. तोलायचा रेणू मोकळा हवा आणि त्याच्यावर विद्युतभार हवा, म्हणजे तो आयनाच्या रूपात यायला हवा. नमुना द्रव किंवा वायू असेल तर हे फार अवघड नाही. पण स्टीलच्या टाकीची आतली भिंत, औषधाची गोळी, सर्किट बोर्ड, जुन्या चित्रावरचं वार्निश, फवारणी झालेल्या फळाची साल यांतलं काहीच आपण होऊन काट्यावर चढत नाही. तिथलं थोडं काहीतरी उचलून न्यावं लागतं. मग ते द्रावकात विरघळवा, तापवून उडवा, लेसरने फोडा, आयनांचा मारा करा, नाहीतर सरळ ब्लेडने खरवडा.

यंत्र पुढे जो आकडा देतं तो या उचललेल्या मालाचा असतो. पृष्ठभागावर खरोखर किती होतं, हे त्या आकड्यावरून आपल्याला काढावं लागतं. ते काढता येईल की नाही, हे नमुना घेतानाच ठरून गेलेलं असतं.

पृष्ठभाग नक्की किती जाड?

प्रश्न पोरकट वाटतो, पण काम इथूनच सुरू होतं. सेकंडरी आयन मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे ‘सिम्स’, या तंत्रात वेगवान आयन पृष्ठभागावर आदळतात आणि तिथून बाहेर फेकलेले आयन मोजले जातात. हे आयन वरच्या जेमतेम १ ते २ नॅनोमीटरमधून येतात. लेसरचा एक स्पंद काचेसारख्या पदार्थातून साधारण ०.१ मायक्रोमीटर किंवा त्याहून जाड थर उडवतो. ओल्या स्वॅबला, म्हणजे पुसायचा बोळा लावलेल्या काडीला, खोली अशी नसतेच. द्रावकात जे विरघळेल आणि बोळ्याला जे चिकटेल तेवढं येतं. ब्लेडने खरवडलं तर दहा-वीस मायक्रोमीटर सहज निघतात. म्हणजे एकाच पत्र्याचे हे चार नमुने चार वेगवेगळ्या थरांची माहिती देतात. त्यांचे आकडे जुळले नाहीत, तर कोणी चुकलंच असेल असं नाही.

‘जेनेसिस’ यानाच्या नमुन्यांत हा प्रश्न फार टोकाला गेला होता. सौरवाऱ्यातले कण पकडण्यासाठी नासाने त्या यानात अतिशुद्ध सिलिकॉन, नीलम, सोनं वगैरेंच्या चकत्या पाठवल्या होत्या. ८ सप्टेंबर २००४ रोजी परत येताना पॅराशूट उघडलं नाही, कारण वेगातली घट ओळखणारे संवेदक उलटे बसवले गेले होते. कुपी युटाच्या वाळवंटात आदळली आणि चकत्यांचा चुरा झाला. तरीही विज्ञान बऱ्यापैकी वाचलं. सौरवाऱ्याचे अणू पृष्ठभागाखाली साधारण १०० नॅनोमीटरच्या आत रुतलेले होते, आणि वाळवंटाची माती वर बसलेली होती. वरची घाण काळजीपूर्वक काढून आतलं वाचणं शक्य होतं. काही सिलिकॉन चकत्या तर मागच्या बाजूने पातळ करत आणल्या आणि सिम्सने पाठीकडून पुढे वाचल्या, म्हणजे पुढच्या तोंडावरची घाण वाटेत येणारच नाही.

तेव्हा नमुना घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: किती खोलवरचं हवं आहे, किती क्षेत्रफळाचं हवं आहे, आणि शोधायचा पदार्थ कोणत्या जातीचा आहे (तेलकट, क्षारयुक्त, उडून जाणारा, धातू). तंत्राची निवड या तिन्हींतून निघते. प्रयोगशाळेत जे यंत्र रिकामं असेल त्यावरून तंत्र ठरवायची सवय सगळीकडे दिसते, आणि ती महागात पडते.

हाती किती माल लागतो?

एक ढोबळ हिशोब करू. ३०० वस्तुमानाच्या एखाद्या सेंद्रिय पदार्थाचा एकच रेणू जाड असा थर पसरला आहे असं समजा. एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १ वर १४ शून्यं इतके रेणू मावतात. त्यांचं वजन सुमारे ५० नॅनोग्रॅम भरतं.

आता १० बाय १० सेंटीमीटरची जागा स्वॅबने पुसली आणि सगळं वर आलं असं धरलं, तर ५ मायक्रोग्रॅम मिळतात. ते ५ मिलिलिटर द्रावकात उतरवले की तीव्रता होते मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. उलट, पिपेटच्या टोकाने १ मायक्रोलिटरचा थेंब पृष्ठभागावर टेकवून परत ओढला आणि त्याने १ मिलिमीटर व्यासाचा ठिपका विरघळवला, तर हाती लागतात फक्त ०.४ नॅनोग्रॅम. पण ते एका मायक्रोलिटरमध्येच असल्यामुळे तीव्रता मिलिलिटरला ०.४ मायक्रोग्रॅम. म्हणजे साडेबारा हजार पट जागा पुसूनही द्रावण जेमतेम अडीच पट दाट झालं. स्वॅबचा फायदा तीव्रतेत नाही, तो सरासरीत आहे. टाकीची भिंत एकूण किती स्वच्छ आहे हे विचारायचं असेल तर स्वॅब घ्या. या डागात काय आहे हे विचारायचं असेल तर स्वॅब त्या डागाला आजूबाजूच्या स्वच्छ जागेत मिसळून पातळ करतो; तिथे थेंबाची किंवा पुढे येणारी फवाऱ्याची पद्धत बरी.

पुसून घेणं

दिसायला सगळ्यांत सोपी आणि चुकायला सगळ्यांत सोयीची पद्धत. म्हणून इथे थोडं रेंगाळायला हवं.

स्वॅब विणलेल्या पॉलिएस्टरचा घ्यावा, ज्याचं डोकं दांड्याला उष्णतेने जोडलेलं असतं. लाकडी काडी आणि कापसाचा बोळा टाळावा. कापसात मेणं असतात, काडीतून लाकडातले पदार्थ उतरतात, आणि जोडाचा गोंद मिथेनॉलमध्ये विरघळून वर्णपटात (यंत्र काढून देतं त्या वस्तुमानांच्या आलेखात) आपलंच संमेलन भरवतो. पॉलिएस्टरचे स्वॅबही वापरण्याआधी ज्या द्रावकाने पुसणार त्यातच दोनदा अल्ट्रासोनिक बाथमध्ये (ध्वनिलहरींनी हलवून धुणाऱ्या भांड्यात) धुऊन वाळवले, तर पार्श्वभूमी बरीच खाली येते.

द्रावक निवडताना पाहायचं ते इतकंच: शोधायचा पदार्थ विरघळावा, पण खालचा पृष्ठभाग विरघळू नये. स्टील आणि काचेवर मिथेनॉल आणि पाणी निम्मे-निम्मे ही चांगली सुरुवात. तेलकट थराला आयसोप्रोपिल अल्कोहोल, साखरेसारख्या किंवा क्षारयुक्त थराला साधं शुद्ध पाणी. पॉलिस्टायरिनवर ॲसिटोन लावलंत तर नमुन्यात पॉलिस्टायरिनच येईल. ॲक्रिलिकवर अल्कोहोलने बारीक तडे जातात. रंगवलेल्या पृष्ठभागावर आधी कोपऱ्यात पुसून पाहावं. स्वॅबला रंग लागला तर द्रावक बदलावा.

जागा आखण्यासाठी चौकट वापरावी, टेफ्लॉनची किंवा भट्टीत तापवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. आतली मोकळी जागा १० बाय १० सेंटीमीटर. वक्र भागावर किंवा अडचणीत ५ बाय ५ चालतं, पण मग हिशोबात १०० ऐवजी २५ चौरस सेंटीमीटर धरायचे हे विसरू नये. अहवालांत ही चूक वारंवार दिसते आणि ती सरळ चौपट असते.

स्वॅब द्रावकात बुडवून बाटलीच्या गळ्याला दाबून निथळावा. तो ओला हवा, गळका नको. जास्त ओल्या स्वॅबने द्रावक चौकटीबाहेर पळतो आणि विरघळलेला माल कडेला रेघ बनून वाळतो. कोरडा पडलेला स्वॅब नुसता घासत राहतो. आधी आडव्या, एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या पट्ट्या ओढाव्यात, मग स्वॅब उलटा करून त्याच्या स्वच्छ बाजूने उभ्या पट्ट्या. दाब इतका की दांडा किंचित वाकावा. मिथेनॉल पाहता पाहता उडतं, त्यामुळे मध्ये थांबून विचार करायला वेळ नसतो. लगेच दुसरा, कोरडा स्वॅब त्याच जागेवरून फिरवावा. पहिल्याने विरघळवलेला पण मागे राहिलेला ओलावा तो टिपतो. दोन्हींची डोकी एकाच काचेच्या कुपीत तोडून टाकावीत. झाकणाच्या आत टेफ्लॉनचं अस्तर असावं.

कुपीत ५ मिलिलिटर द्रावक घालून १० ते १५ मिनिटं अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवावी. बाथ चालता चालता तापतो. पदार्थ नाजूक असेल तर त्यात बर्फ टाकावा. मग ०.२ मायक्रोमीटरच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळावं आणि गाळलेल्यातला पहिला अर्धा मिलिलिटर फेकून द्यावा. फिल्टर सुरुवातीला थोडा माल स्वतःकडे धरून ठेवतो आणि स्वतःतला थोडा देऊनही टाकतो.

अंतर्गत प्रमाणद्रव्य, म्हणजे हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेला तोच रेणू, कुपीत स्वॅबवर टाकलं तर पुढचं बरंच नुकसान भरून काढता येतं: द्रावकात अर्धवट उतरणं, गाळताना होणारी गळती, यंत्रात आयन दबले जाणं (इतर पदार्थांमुळे आपल्या रेणूला भार कमी मिळणं). एक गोष्ट मात्र ते कधीच भरून काढत नाही. पत्र्यावर जे राहिलं ते राहिलंच. प्रमाणद्रव्य पत्र्यावर कधी गेलंच नव्हतं.

वसुलीचा आकडा

त्यासाठी वसुली तपासावी लागते. ज्या धातूची टाकी आहे त्याच धातूचा, तितक्याच गुळगुळीतपणाचा तुकडा घ्यायचा. त्यावर माहीत असलेलं वजन, समजा ५ मायक्रोग्रॅम, द्रावणातून बारीक बारीक थेंबांत पसरून वाळवायचं आणि नेहमीसारखं पुसायचं. ३.६ मायक्रोग्रॅम सापडले तर वसुली ७२ टक्के. पुढे खऱ्या नमुन्यात जे सापडेल त्याला ०.७२ ने भागायचं.

थेंब एकाच जागी मोठा टाकला तर वाळताना माल कडेला सरकतो आणि जाड कडं तयार होतं, चहाच्या कपाखाली उमटतं तसं. अशा कड्यातले स्फटिक पुसायला त्रास देतात. उलट खऱ्या टाकीत तोच पदार्थ पातळ, तापून घट्ट बसलेला थर असेल, तर प्रयोगशाळेतला आकडा जास्तच आशावादी ठरतो. शक्य असेल तर तुकड्यावरचा थरही तितकेच तास, तितक्याच तापमानाला जुना होऊ द्यावा.

वसुली कमी आली की बहुतेक जण द्रावक बदलत सुटतात. आधी गळती कुठे आहे ते शोधावं. तेच वजन तीन ठिकाणी टाकून पाहायचं: एकदा पत्र्यावर, एकदा थेट स्वॅबवर, आणि एकदा कोऱ्या स्वॅबच्या तयार अर्कात. समजा पत्र्यावरून ५५ टक्के आले, स्वॅबवरून ९० आणि अर्कातून ९५. मग अडचण पुसण्यात आहे; द्रावक किंवा हात बदला. पत्र्यावरून ५५, स्वॅबवरून ५८ आणि अर्कातून ९५ आले, तर स्वॅबच माल सोडत नाही. कापड बदला किंवा कुपीतला द्रावक बदला. तिन्ही आकडे पन्नास-पंचावन्नच्या आसपास असतील तर दोष यंत्राच्या तोंडाशी आहे. स्वॅबमधून उतरलेलं काहीतरी, बहुधा क्षार किंवा साबणासारखे पदार्थ, आपल्या रेणूला भार मिळू देत नाही. अर्धा दिवस लागतो या चाचणीला, आणि आठवडाभराची धावपळ वाचते.

धातू शोधताना सगळे नियम उलटे

सेंद्रिय पदार्थ शोधताना प्लास्टिक शत्रू असतं. काच आणि धातूची हत्यारं मित्र. काचेची भांडी ४५० अंश सेल्सिअसला काही तास तापवली की त्यांच्यावरचं सेंद्रिय जळून जातं. धातूंचं विश्लेषण प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमीटरवर (अतितप्त वायूत अणूंचे आयन करून मोजणाऱ्या यंत्रावर) करायचं असेल तर हे सगळं पालथं होतं. स्टीलच्या चिमट्यातून लोह, क्रोमियम, निकेल येतात. बोरोसिलिकेट काच आम्लात बोरॉन, सोडियम, ॲल्युमिनियम सोडते. तिथे आम्लाने धुतलेलं पॉलिप्रोपिलीन किंवा टेफ्लॉन हवं, प्लास्टिकचा चिमटा हवा, आणि पुसायला साधारण २ टक्के नायट्रिक आम्लाने ओला केलेला, धातूंसाठी तपासलेला कागद हवा. हा कागद पुढे तीव्र नायट्रिक आम्लात पूर्णच विरघळवतात, म्हणजे त्याने काही धरून ठेवलं का हा प्रश्नच उरत नाही. नायट्राइल हातमोज्यांतून जस्त उतरतं. जस्त शोधत असाल तर दुसरे मोजे घ्या. पिपेटची टोकं बिनरंगी घ्यावीत, रंगद्रव्यांत धातू असतात.

दोन्ही हवं असेल तर दोन स्वतंत्र जागा, दोन स्वतंत्र स्वॅब. एकाच स्वॅबमधून दोन्ही साधायचा मोह टाळावा.

न पुसता थेट

२००४ साली पर्ड्यू विद्यापीठातल्या ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने ‘डेसी’ पद्धत मांडली आणि नमुना तयार न करता, उघड्या हवेत, थेट पृष्ठभाग वाचायची वाट खुली झाली. डेसीत द्रावकाचा विद्युतभारित फवारा तिरका पृष्ठभागावर मारतात. आधी पृष्ठभागावर द्रावकाचा पातळ थर बसतो, त्यात माल विरघळतो, मागून येणारे थेंब त्या थरावर आदळतात आणि माल घेऊन उडालेले बारीक शिंतोडे यंत्राच्या तोंडात ओढले जातात.

सुरुवातीची मांडणी अशी: मिथेनॉल-पाणी ९:१ किंवा १:१, प्रवाह मिनिटाला १ ते ५ मायक्रोलिटर, नायट्रोजन ७ ते १० बार, विद्युतदाब ३ ते ५ किलोव्होल्ट, फवाऱ्याचं टोक पृष्ठभागापासून १ ते २ मिलिमीटरवर, कोन ५५ अंशांच्या आसपास, यंत्राचं तोंड पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेलं. या मांडणीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही संकेत गायब करू शकतो. म्हणून नमुन्याआधी काचपट्टीवर लाल परमनंट मार्करची रेघ मारून जुळवणी करतात. अनेक लाल मार्करमध्ये ऱ्होडामाइन ६जी हा रंग असतो आणि तो आलेखात ४४३.२ या वस्तुमानाला ठळक शिखर देतो. ते शिखर स्थिर आणि मोठं दिसेपर्यंत कोन आणि अंतर हलवत राहायचं, मग नमुना ठेवायचा.

डेसीत सगळ्यांत जास्त बिघडतं ते धुऊन जाणं. प्रवाह जास्त झाला की फवारा माल विरघळवून पुढे ढकलतो आणि चित्रात डागाला शेपटी फुटते. प्रतिमा काढायची असेल तर प्रवाह १ ते २ मायक्रोलिटरवर आणा. नेहमीच्या जुळवणीत ठिपका साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटरचा मिळतो. खडबडीत पृष्ठभागावर उंचवट्यांच्या मागे फवारा पोचतच नाही. तिथे संकेत नसणं म्हणजे पदार्थ नसणं असं समजू नये.

२००५ साली आलेल्या ‘डार्ट’मध्ये द्रावक नसतोच. उत्तेजित हेलियमचा गरम झोत पृष्ठभागावर सोडतात. उत्तेजित अणूंमध्ये १९.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. ती हवेतल्या पाण्याच्या वाफेला भार देते आणि वाफ तो भार नमुन्याच्या रेणूला. उष्णतेने जे उडू शकतं तेवढंच दिसतं, म्हणून हजाराच्या वरची वस्तुमानं बहुधा सोडून द्यावीत. तापमान १५० अंशांपासून टप्प्याटप्प्याने वाढवलं तर हलके रेणू आधी आणि जड नंतर येतात, म्हणजे फुकटात थोडं वेगळेपण मिळतं. एकदम ४०० वर गेलात तर प्लास्टिकचा पृष्ठभाग स्वतःच जळून वर्णपट भरून टाकतो.

पिपेटच्या थेंबाची पद्धत वर हिशोबात आलीच. तिचा शत्रू एकच: पाण्याला ओढून घेणारा पृष्ठभाग. कागदावर, कापडावर, स्वच्छ काचेवर थेंब पसरतो आणि परत येत नाही. आधी नुसत्या द्रावकाचा थेंब बाजूला टाकून पाहावा. तो गोल राहिला तर काम होईल. पसरला तर द्रावकात पाण्याचं प्रमाण वाढवावं.

कागदाची फवारणी ही पुसणं आणि थेट मोजणं यांच्या मधली पद्धत. मिथेनॉलने किंचित ओला केलेला फिल्टर कागद पृष्ठभागावर फिरवायचा, त्याचा टोकदार त्रिकोण कापायचा, टोक यंत्राच्या तोंडासमोर काही मिलिमीटरवर धरायचं, १० ते २० मायक्रोलिटर द्रावक टाकायचा आणि ३ ते ५ किलोव्होल्ट लावायचे. कागदाच्या टोकातून थेट फवारा निघतो. टोक बोथट कापलं गेलं तर फवारा निघत नाही, म्हणून कात्री धारदार हवी. विद्युतदाब चालू असताना कागद धरणाऱ्या क्लिपला हात लावू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

ही सगळी तंत्रं ‘आहे की नाही’ या प्रश्नाला झटपट उत्तर देतात. ‘किती’ विचारलं की ती अडखळतात, कारण नेमकी किती जागा आणि किती खोली उचलली गेली हे त्यांत पक्कं नसतं.

निर्वातातला मारा आणि लेसर

सिम्समध्ये वरचा थर शाबूत ठेवून वाचायचा असेल तर मारा मर्यादित ठेवावा लागतो. चौरस सेंटीमीटरवर साधारण १ वर १५ शून्यं इतके अणू असतात. मारलेले आयन १ वर १२ किंवा १३ शून्यं या मर्यादेत ठेवले तर एकाच जागी दोनदा आयन पडण्याची शक्यता नगण्य राहते. मर्यादा ओलांडली की आपण आधीच मोडलेल्या रेणूंचे तुकडे मोजू लागतो.

या तंत्राचा सगळ्यांत मोठा वैरी सिलिकोन तेल. ते पृष्ठभागावर आपोआप पसरतं, एक रेणू जाड थर पुरेसा असतो, आणि ७३ व १४७ ही त्याची शिखरं उंच उठून खालचं सगळं झाकतात. मऊ सिलिकोनची गादी असलेल्या डब्यात नमुना ठेवला की काम संपलं. प्लास्टिकच्या पिशवीतून घसरणीसाठी घातलेली अमाइडं येतात. नमुना कडेने धरावा, वाचायचं तोंड कशालाही टेकणार नाही असा ठेवावा, आणि खूण पाठीमागे ओरखडा मारून करावी, मार्करने नाही.

लेसरने उडवून प्लाझ्मात नेण्याच्या पद्धतीत उलटी सवय असते: पहिले काही स्पंद वाया घालवून वरची घाण काढायची आणि मग मोजायला सुरुवात करायची. खनिजाच्या आतल्या घटकांसाठी हे बरोबर. प्रश्न पृष्ठभागाचाच असेल तर मात्र टाकून दिलेल्या त्या पहिल्या स्पंदांतच उत्तर होतं. प्रमाण म्हणून एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या ६१० आणि ६१२ या काचा वापरतात. काचेवर जुळवलेला हिशोब धातूवर किंवा प्लास्टिकवर तसाच लावू नये, कारण तितक्याच ऊर्जेत तिथे वेगळं वजन उडतं.

जी शिखरं नेहमीच दिसतात

धन आयनांत १४९.०२, २७९.१६ आणि ३९१.२८ दिसली की प्लास्टिक मऊ करणारी थॅलेटं आठवा. ३७१.१० आणि ४४५.१२, एकमेकांपासून ७४.०२ अंतरावर: सिलिकोन. २८२.२८ आणि ३३८.३४: पिशव्यांतली ओलिअमाइड आणि इरुकॅमाइड. ४४.०३ च्या अंतराने शिडीसारखी रांग: पॉलिइथिलिन ग्लायकॉल, बहुधा साबणातून किंवा हातावरच्या क्रीममधून. ऋण आयनांत २५५.२३ आणि २८३.२६ म्हणजे पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल. बोटांवर ती असतात, साबणात असतात, आणि दुर्दैवाने कधी कधी खऱ्या नमुन्यातही असतात.

यांतलं कोणतं आपण आणलं आणि कोणतं तिथेच होतं, हे फक्त कोऱ्या नमुन्यांवरून कळतं. चार प्रकारचे घ्यावेत: नुसता द्रावक, कुपीत टाकलेला न वापरलेला स्वॅब, जागेवर नेऊन उघडलेला, ओला केलेला पण कशालाही न लावलेला स्वॅब, आणि त्याच प्रकारच्या, स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या पृष्ठभागावरून पुसलेला स्वॅब. शिखर पहिल्यांदा ज्या पायरीवर उगवतं तिथे त्याचा उगम असतो. तिसऱ्यात उगवलं तर जागेवरची हवा किंवा हातमोजे. एकच कोरा नमुना घेऊन तो वजा करणं पुरेसं नसतं. पाच-सात घेतले तर त्यांचा चढउतार कळतो, आणि सरासरीच्या वर त्या चढउताराच्या तिप्पट इतकं दिसलं तरच ‘सापडलं’ म्हणता येतं.

सच्छिद्र आणि उडणारं

लाकूड, काँक्रीट, चामडं यांवर स्वॅबची वसुली फसवी असते. द्रावक आत जातो, माल बरोबर नेतो, आणि उडताना आतला जुना माल वर ओढून आणतो. दुसऱ्यांदा पुसलं तर पहिल्यापेक्षा जास्त सापडलं असंही होतं. इथे ठरावीक व्यासाचा आणि खोलीचा तुकडा कापून किंवा ड्रिलने भुगा काढून पूर्ण अर्क काढावा. ड्रिल हळू चालवावं. तापलं की हलके पदार्थ उडतात.

खोलीच्या तापमानाला उडणाऱ्या पदार्थांना पुसायला जाऊच नये. त्यांच्यासाठी पृष्ठभागावर उलटी वाटी बसवून तिच्यातली हवा टेनॅक्स (वाफा धरून ठेवणारा सच्छिद्र पदार्थ) भरलेल्या नळीतून ओढतात आणि नळी नंतर तापवून वायू क्रोमॅटोग्राफला (वाफेतले घटक एकेक करून वेगळे करणाऱ्या उपकरणाला) जोडलेल्या यंत्रात रिकामी करतात.

अहवालात आकडा मायक्रोग्रॅम प्रति १०० चौरस सेंटीमीटर असा द्यावा. ‘५ पीपीएम’ असं लिहिलं तर ते कुपीतल्या ५ मिलिलिटरचं असतं, भिंतीचं नाही. कुणी १० मिलिलिटर वापरले असते तर तीच भिंत दुप्पट स्वच्छ दिसली असती. आकड्याशेजारी पुसलेली जागा, द्रावक, कुपीतल्या द्रावकाचं आकारमान, वसुलीची टक्केवारी आणि ती कोणत्या पृष्ठभागावर काढली ते लिहावं. वसुलीने भागलं आहे की नाही हेही लिहावं, कारण वाचणारा पुन्हा एकदा भागण्याची शक्यता बरीच असते.